एस. टी.ने, एकट्याने : जव्हार, मोखाडा आणि सूर्यमाळ
(महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानासाठी आमचे नाव सुचविणाऱ्या भगिनींनी विषय दिला होता 'परदेशप्रवासातील अनुभव'. परंतु परदेश आम्ही पाहिलेला नाही. पाहिला आहे तो आमच्या धाकट्या दिरांच्या नातीने. ती शिक्षणासाठी डब्लिनला गेली आणि गेल्या वर्षी सुटीत पाठीला पिशवी अडकवून एकटीच, बसमध्ये बसून, आयर्लंडचा पश्चिम किनारा हिंडून आली. गॉलवे पाहिले, तेथून क्लेअर परगण्यातील मोहरचे कडे पाहिले, आणि घरच्या मंडळींना रोज छायाचित्रे पाठविली. घरात कौतुकाला नुसते उधाण आले. तो भर ओसरण्यापूर्वीच आम्ही जाहीर केले की, आम्हीही एकट्या बसने प्रवासास जाणार. पालघरहून जव्हार, तेथून मोखाडा, आणि पुढे सूर्यमाळ.

कौतुक जागच्या जागी थिजले. चिरंजीव म्हणाले, "आई, तुझे वय अडुसष्ट." सूनबाई म्हणाल्या, "आपण सगळे गाडी करून जाऊ." दीर तर म्हणाले, "वहिनी, तिकडे आहे काय?" वीस वर्षांच्या मुलीने सातासमुद्रांपलीकडे एकटीने जाणे हे धाडस आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईने स्वतःच्याच जिल्ह्यात जाणे हा हट्ट, असा निवाडा झाला. आम्ही निवाडा ऐकून घेतला आणि पिशवी भरली. आमचे वैवाहिक आयुष्य पंचेचाळीस वर्षांचे. त्यात आम्ही कधी एकट्याने तिकीट काढले नव्हते. आधी वडील काढीत, मग यजमान, ते गेल्यावर चिरंजीव. खिडकीची जागा मात्र आम्हांस नेहमी मिळे. तेवढ्यापुरते आम्ही स्वतःस प्रवासी समजत होतो.

आपल्या एस. टी.विषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. आयर्लंडमध्ये अशीच सार्वजनिक वाहतुकीची संस्था त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४५ साली, उभी राहिली. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच वयाच्या. मार्च २०२३ पासून आपल्याकडे सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. आम्ही स्त्री आहोत आणि ज्येष्ठही आहोत, तेव्हा अर्ध्याचे अर्धे होईल काय, असे आम्ही पालघरच्या स्थानकावर विचारून पाहिले. खिडकीतील गृहस्थ हसले, पण आकडा बदलला नाही.

पालघर सोडून गाडी मनोरला महामार्ग ओलांडते आणि विक्रमगडच्या बाजूस वळते, तेव्हापासून प्रदेश पालटतो. होळी होऊन आठवडा झाला होता. पळस उतरणीला लागला होता, मोहाखाली फुलांचा सडा होता, आणि शेतांतून राब भाजल्याचा धूर येत होता. पातेरा, काटक्या, शेण पसरून रोपांची जागा जाळावयाची, पावसानंतर त्याच राखेत नागली-वरईचे रोप वाढवावयाचे, ही इकडची रीत. विक्रमगडला दोघी बायका मोकळ्या टोपल्या घेऊन चढल्या. टोपल्यांना मोगऱ्याचा वास होता. पहाटे कळ्या खुडून त्या दादरच्या बाजाराला रवाना करावयाच्या आणि दिवस उजाडल्यावर घरी परतावयाचे, असा त्यांचा क्रम. दादरच्या फूलबाजारात आम्ही आयुष्यभर गजरे घेतले. ती फुले कोणत्या गाडीने येतात असे कधी विचारले नव्हते.

जव्हारविषयी विस्ताराने बोलत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले आहे. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंटवरून दिसणारी दरी, आणि शिरपामाळ, हे सारे आम्ही रिक्षाने एका दुपारी उरकले. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजीमहाराज शिरपामाळावर उतरले आणि जव्हारच्या राजाने त्यांचा सन्मान केला असे सांगतात. 'ठाण्याचे महाबळेश्वर' म्हणून जव्हारची ख्याती झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघरचे. रात्री लॉजवर आम्ही आतून कडी लावली, ती दोनदा तपासली, आणि तरीही बराच वेळ जाग्याच होतो. घरचे म्हणत होते तेच खरे की काय, ही शंका रात्री दोन वाजता मोठी वाटते.

सकाळी मोखाड्याची गाडी मिळाली. सहल म्हणून निघालेल्या त्या गाडीत आम्ही एकट्याच होतो; बाकी सर्व कामाने निघालेले. आमच्या शेजारी तान्हे मूल घेतलेली एक मुलगी बसली होती. ती आदल्या दिवशी मुलाला घेऊन जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात गेली होती. मुलाचे वजन वाढले आहे, असे तिने आम्हांस न विचारता सांगितले, आणि किती ग्रॅम तेही सांगितले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके १९९२ साली कुपोषणाने दगावली, ती बातमी आम्ही त्या काळी सकाळच्या चहाबरोबर वाचली होती. ग्रॅमचा आकडा त्या मुलीच्या तोंडी कसा बसला होता, ते ऐकून तो चहा आठवला.

मागील बाकावर एक सबंध कुटुंब भांड्यांच्या बोचक्यासह होते. दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जावयाचे आणि शिमग्याला परतावयाचे, हा येथील कित्येक घरांचा वार्षिक प्रवास. त्यांना होळी चुकली होती. हिशेब उशिरा झाला म्हणून. आमच्या नातीने आयर्लंडच्या पश्चिम भागाविषयी जे कळविले होते ते येथे मनात आले. तेथे १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले, सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली; आज रम्य म्हणून पाहावयास जातात ती मोकळी कुरणे आणि पडकी घरे पुष्कळशी त्यांचीच. मोखाड्याची घरे तशी पडलेली नाहीत. चार महिने बंद राहतात आणि पुन्हा उघडतात.

मोखाड्याहून खोडाळा, आणि खोडाळ्याहून दुसऱ्या गाडीने सूर्यमाळ. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरांनी आमचे तिकीट फाडताना, म्हणजे यंत्रातून काढताना, विचारले, "आजी, बरोबर कोण?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही." ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "परतीची शेवटची गाडी चारला. फाट्यावर पावणेचारला येऊन उभ्या राहा." आमच्या आवाजात थोडा तोरा होता हे आम्हांस मान्य आहे. वेळापत्रक आम्हांसही कळते, अशा आशयाचे काहीतरी आम्ही पुटपुटलो.

सूर्यमाळ सुमारे १८०० फूट उंचीवर आहे. महाबळेश्वर-माथेरानासारखे तेथे काही नाही. ना घोडे, ना चिक्की. वस्ती आहे, आश्रमशाळा आहे, आणि वस्तीपलीकडे मोकळा माळ. माळाच्या कडेला गेले की वैतरणेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगरांच्या रांगा एकीमागून एक फिकट होत गेलेल्या दिसतात. वारा सारखा होता. दूर कोठे तरी बोहाड्याची तयारी चालली असावी, सांबळ वाजत होता. होळीच्या पुढेमागे देवदैत्यांचे मुखवटे घालून येथील गावे रात्र रात्र नाचतात. आम्ही एका खडकावर बसलो. डबा खाल्ला. मग काय केले म्हणाल तर काहीच नाही. कोणाची औषधे, कोणाचा चहा, कोणाची हाक नाही, अशी दुपार आम्हांस लग्नानंतर प्रथमच मिळत होती. ती आम्ही जपून वापरली नाही, उधळली.

हॉर्न ऐकू आला तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती. फाट्यावर गाडी काडेपेटीएवढी लाल दिसत होती. आम्ही उठलो, हात हलविला, धावण्याचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. पुन्हा हॉर्न वाजला, लांबलचक. गाडी आणखी काही मिनिटे उभी राहिली. मग निघाली. तिच्यात माणसे होती, पुढे खोडाळ्याला जोडगाडी गाठावयाची होती; आमच्या एका दुपारीसाठी तिने किती थांबावे? दोष सर्वस्वी आमचा.

फाट्यावर पोचेपर्यंत आम्ही चिरंजिवांस काय सांगावे याची चार वाक्ये तयार केली होती. मोबाईलला रेंज नव्हती. परंतु फाट्यावर एक बाई दगडावर बसल्या होत्या. आम्हांस पाहताच उठल्या. "मुंबईच्या आजी तुम्हीच ना? कंडक्टरभाऊ सांगून गेले. माळावर एक आजी आहेत, एकट्याच आहेत, आल्या तर ठेवून घ्या." त्या बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, त्याच गाडीने खोडाळ्यास जाणार होत्या. आमच्यासाठी उतरल्या होत्या.

त्यांचे घर कुडाचे, सारवलेले, आरशासारखे स्वच्छ. आमचे पाय धुळीने भरले होते. दारात पितळेची कळशी भरून ठेवली होती. आपल्याकडे बाहेरून आले की पाय धुण्याची रीत आहे. आम्ही ती रीत पाळली. पाय धुतले, हात-तोंड धुतले, खळखळून चूळ भरली, पुन्हा एकदा पायांवर ओतले. कळशी खाली ठेवली तेव्हा तळाशी ओंजळभर पाणी उरले होते. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी उंबऱ्यात उभी होती. तिने कळशी उचलली, आत पाहिले, आणि आईकडे पाहिले. आई म्हणाली, "असू दे. पहाटे आणू." दोघींपैकी कोणीही आमच्याकडे पाहिले नाही. ते त्यांनी मुद्दाम टाळले, हे आम्हांस कळले.

रात्री नागलीची भाकरी आणि उडदाचे बेसन झाले. आम्ही पाणी दोन घोट प्यालो.

पहाटे साडेचारला त्या निघाल्या, तेव्हा आम्हीही त्यांच्यामागून निघालो. त्यांनी नको म्हटले. आम्ही ऐकले नाही. विहीर खाली उतारावर होती. आधी आलेल्या बायकांचे हंडे रांगेत होते. विहिरीच्या तळाशी झिरपलेले पाणी वाटीवाटीने पोहऱ्यात भरावयाचे, पोहरा वर ओढावयाचा, फडक्याने गाळून हंड्यात ओतावयाचा. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो, परंतु हा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते सारे उतारावरून वैतरणेला मिळते. त्या वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ मध्ये याच मोखाडा तालुक्याच्या अंगाला मध्य वैतरणा. या तिन्ही धरणांचे पाणी मुंबईस जाते. आमच्या घरी नळाला सकाळी दीड तास पाणी येते आणि ते कमी दाबाने आले तर आम्ही सोसायटीच्या चिटणिसांस फोन करतो. सकाळचे ते पाणी आणि आमची रिकामी कळशी यांचा संबंध पोहऱ्याच्या दोरीला हात लावीपर्यंत आमच्या डोक्यात आला नव्हता. कळशी आम्ही उचलली, चढावर निम्मी सांडली. मुलगी या वेळी मात्र मोकळेपणाने हसली.

त्यांच्या हातात काही ठेवावे म्हणून आम्ही पाकीट काढले. बाई म्हणाल्या, "आम्हाला कशाला? तुम्हाला आमच्याकडे टाकलं कंडक्टरभाऊंनी. हिशेब त्यांच्याशी करा."

सकाळच्या गाडीला तेच कंडक्टर होते. आदल्या रात्री गाडी मुक्कामी राहिली होती. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपले होते. आम्ही चढलो तशी त्यांनी चौकशी केली नाही की टोमणा मारला नाही. यंत्राचे बटण दाबून अर्धे तिकीट हातात दिले आणि पुढे गेले. फाट्यावर ती मुलगी दप्तर घेऊन चढली. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास मिळतो. तिने तो आम्हांस काढून दाखविला. तिच्या आणि आमच्या प्रवासात तिचाच प्रवास अधिक एकट्याचा होता. ती रोज जाते. खोडाळ्याला उतरताना तिने विचारले, "पुन्हा कधी?"

खोडाळ्याला मोबाईलला रेंज आली आणि अकरा न घेतलेले फोन दिसले. चिरंजीव बराच वेळ बोलले, आम्ही ऐकले. चार तयार वाक्यांपैकी एकही वापरले नाही. डब्लिनच्या नातीस मात्र सविस्तर कळविले. तिचे उत्तर आले की, क्लेअरमध्ये तिचीही एक बस चुकली होती. थांब्यावर पुढील गाडीची अचूक वेळ लिहिलेली होती, पाऊस पडत होता, आणि दोन तास एकही माणूस फिरकला नाही. घाबरशील म्हणून कळविले नव्हते, असे तिने खाली लिहिले. आमच्या घरात ही गोष्ट आजपावेतो आम्हां दोघींनाच ठाऊक होती. ती आज येथे उघड झाली, याबद्दल तिने आम्हांस क्षमा करावी.

भगिनींनो, भाषणानंतर कित्येकजणी 'आम्हांलाही घेऊन चला' असे म्हणतील, हे आम्ही ओळखून आहोत. श्रावणात आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी विहीर भरलेली असेल, असे त्या बाई म्हणाल्या आहेत. पालघरच्या स्थानकावरून जव्हारच्या गाड्या सुटतात. आम्ही सकाळच्या गाडीने जाऊ. आपण कृपा करून तिच्या पुढच्या गाडीने यावे.