माल जहाजावर चढण्याआधी

पापड, मसाले, बेदाणे, चामड्याच्या वस्तू असा छोटा-मोठा माल परदेशी पाठवणारे किंवा पाठवायच्या विचारात असलेले बरेच जण आज ऐकत असतील. आजचं बोलणं त्यांच्याशी.

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र हातात पडलं की आपण निर्धास्त होतो. चौकट करून दुकानात लावतो, गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या शेजारी. लावावंच. पण त्या कागदाची सत्ता भारताच्या हद्दीपर्यंत आहे. दुबईत, रोटरडॅममध्ये किंवा न्यू जर्सीत त्याच्या जोरावर कुणाला अडवता येत नाही. साऱ्या जगाला लागू होणारी एकच ट्रेडमार्क नोंदणी अस्तित्वात नाही. बहुतेक देशांचा कायदा वेगळा आणि नोंदवहीही वेगळी.

हे फक्त लहान व्यापाऱ्याचंच दुखणं आहे असंही नाही. टोयोटानं प्रियस ही गाडी 1997 साली जपानमध्ये आणली. भारतात मात्र त्या नावाची नोंद केली नव्हती. इथल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीनं 2001 पासून प्रियस हे नाव वापरायला घेतलं आणि नोंदणीही मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयानं सांगितलं की जगात नाव मोठं असेल, पण 2001 साली भारतातल्या ग्राहकाला ते माहीत होतं याचा पुरावा पुरेसा नाही. प्रियस या नावापुरती टोयोटा हरली. आपला कायदा टोयोटाला जे सांगतो, तेच परदेशातला कायदा सांगलीच्या मसालेवाल्याला सांगणार.

कोल्हापुरी चपलेचं प्रकरण तर ताजंच आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आणि आपल्याकडे संतापाची लाट उसळली. ‘आपल्याला जीआय आहे ना, मग खटला का भरत नाही?’ असं मलाही अनेकांनी विचारलं. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ते 2018 च्या अखेरीस मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण हे मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. प्रादानं ‘कोल्हापुरी’ हा शब्द वापरलाच नव्हता. त्यात जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात एक दुजाभाव आहे. वाइन आणि मद्याच्या भौगोलिक नावांना कडक संरक्षण, ग्राहकाची फसगत झाली की नाही हेसुद्धा बघायचं नाही. चप्पल, चहा, तांदूळ यांच्या बाबतीत मात्र फसगत सिद्ध करावी लागते. युरोपनं आपल्या द्राक्षमळ्यांची काळजी आधी घेतली, असंच माझं स्पष्ट मत आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी संपूर्ण युरोपीय संघाची नोंदणी व्यवस्था तर 1 डिसेंबर 2025 पासून सुरू झाली.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तीही फेटाळली गेली, कारण दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनी, म्हणजे लिडकॉम आणि लिडकार या दोन महामंडळांनी. पुढे डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी प्रादाचा करार झाला. दोन हजार जोड इथल्याच कारागिरांकडून बनवून घ्यायचे असं ठरलं. म्हणजे जे पदरात पडलं, ते वाटाघाटीतून.

आता आपल्या गल्ल्याकडे येऊ. समजा, तुम्ही दुबईतल्या एका आयातदाराला मसाले पाठवता. दोन वर्षं व्यवहार सुरळीत चालतो. मग तो दर पाडून मागतो. तुम्ही दुसरा आयातदार शोधता, तेव्हा कळतं की तुमच्या मसाल्याचं नाव पहिल्यानं तिथे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलंय. आता तुमचाच माल तो बंदरात अडवू शकतो. ही कथा काल्पनिक असली तरी अशा तक्रारी घेऊन येणारी माणसं खरी असतात. औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस करारात यावर उतारा आहे. प्रतिनिधीनं मालकाच्या परवानगीशिवाय नाव नोंदवलं, तर मालक ती नोंद रद्द करून मागू शकतो. पण तो आयातदार म्हणणार, ‘मी कुठला प्रतिनिधी? मी साधं गिऱ्हाईक. माल घेतला, पैसे दिले.’ अशा वेळी करारातली दोन वाक्यं कामाला येतात. नाव विक्रेत्याच्या मालकीचं आहे, आणि खरेदीदार ते कुठल्याही देशात नोंदवणार नाही. एवढंच लिहा, सही घ्या. फोनवरच्या गप्पांत कुणी काय कबूल केलं, याला पुढे फारसा अर्थ राहत नाही.

आणि नोंदणी स्वतः करा. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर तिथेही तुमची तारीख भारतातल्या अर्जाचीच धरली जाते. मधल्या काळात कुणी घुसला तरी तो तुमच्या मागे. शिवाय जुलै 2013 पासून भारत माद्रिद व्यवस्थेत आहे. इथूनच एक अर्ज करायचा आणि त्यात हवे ते सदस्य देश निवडायचे. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, संयुक्त अरब अमिराती हे सगळे त्यात आहेत. प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं तपासतो आणि नाकारूही शकतो, हे लक्षात असू द्या. दुसरी एक मेख अशी की पहिली पाच वर्षं हा सगळा डोलारा भारतातल्या मूळ नोंदीवर उभा असतो. ती रद्द झाली की बाहेरचंही कोसळतं. म्हणून घरची नोंद आधी भक्कम करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे. ‘आम्ही इथे विकतच नाही, सगळं बाहेर जातं’ अशी सबब काही जण सांगतात. आपल्या कायद्याच्या 56 व्या कलमानुसार निर्यातीच्या मालावर इथे लावलेलं नावही भारतातला वापरच धरला जातो.

थोडं पैशांबद्दल. कोटेशनवर सीआयएफ लिहिलं की भाडं आणि विमा विक्रेत्याचा, म्हणून बंदराला लागेपर्यंत जोखीमही त्याचीच, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. माल इथल्या जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. विमा तुम्ही काढता, तोही किमान संरक्षणाचा, पण त्याच्यासाठी. आणि कंटेनर न्हावा शेवाच्या यार्डात सोपवणाऱ्यानं एफओबीपेक्षा, म्हणजे जहाजावर चढवून देण्याच्या अटीपेक्षा, एफसीए, म्हणजे वाहतूकदाराच्या ताब्यात देण्याची अट बघावी, नाहीतर जहाजावर चढेपर्यंतची जोखीम उगाच तुमच्या अंगावर राहते. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे पतपत्रात, बँक माल बघत नाही, कागद बघते. बीजकावरचा मजकूर आणि पतपत्र यांत फरक पडला की पैसे अडकतात.

शेवटचा मुद्दा भांडणाचा. अमेरिकन खरेदीदारानं पैसे बुडवले आणि तुम्ही सांगलीच्या न्यायालयातून हुकूमनामा मिळवला, तरी तो तिथे थेट बजावता येत नाही. त्यापेक्षा करारात लवादाचं कलम घाला. 1958 च्या न्यूयॉर्क कराराखाली लवादाचा निवाडा दीडशेहून जास्त देशांत बजावता येतो. त्या कलमात तीन गोष्टी हव्यात. कायदा कुठल्या देशाचा, लवादाचं स्थान कुठलं, भाषा कोणती. मुंबईतही 2016 पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. समोरचा लंडन किंवा सिंगापूर म्हणाला, तर तिथे भांडायला किती खर्च येईल ते आधी विचारा. पाच लाखांच्या खेपेसाठी सिंगापूरचा लवाद परवडत नाही.

आज संध्याकाळी करता येण्यासारखं एक काम सांगतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची ब्रँडची माहितीसूची संगणकावर फुकट उघडता येते. त्यात आपल्या मसाल्याचं, लोणच्याचं नाव टाका, ज्या देशात माल जातो तो देश निवडा, आणि तिथे ते कुणाच्या नावावर आहे ते बघा.