१४/४ चे शेत



अमरावतीत संगणकाचे संमेलन आणि अध्यक्षाचा विषय लिस्प या संगणकभाषेतले युनिट टेस्टिंग, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातींत जावा नि पायथन असतात. लिस्प भेटलीच तर परीक्षेत चार मार्कांच्या टिपेपुरती. तरी मी हा विषय धरला, कारण चाचणी म्हणजे काय हे लिस्पमध्ये फार उघडपणे दिसते.

इतिहास थोडक्यात सांगतो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. चाचण्यांची फ्रेमवर्क म्हटले की केंट बेक यांचे नाव निघते. त्यांनी स्मॉलटॉकसाठी एसयुनिट केले आणि मग एरिक गामा यांच्यासोबत जावासाठी जेयुनिट. पण जेयुनिटच्याही आधी, १९९१ साली, रिचर्ड वॉटर्स यांनी लिस्पसाठी आरटी हे आटोपशीर साधन मांडले होते. पुढे पॉल डिट्झ यांनी त्याच आरटीवर कॉमन लिस्पच्या प्रमाणकासाठी वीस हजारांवर चाचण्या लिहिल्या आणि भल्याभल्या कंपायलरांच्या चुका पकडल्या.

लिस्पची खरी ताकद तिच्या मॅक्रोत आहे. साध्या फंक्शनला हाती येते ते फक्त उत्तर: बरोबर किंवा चूक. मॅक्रोला मात्र चाचणीची अख्खी ओळ न सोडवलेली मिळते. त्यामुळे चाचणी पडली की कोणती ओळ पडली, डावीकडे काय आले, उजवीकडे काय हवे होते, हे सगळे मॅक्रोला स्वतःच छापता येते. आपला वऱ्हाडी माणूस ‘चुकलं’ एवढ्यावर थांबत नाही, लगेच ‘काहून?’ विचारतो. त्या ‘काहून’चे उत्तर इथे जागेवरच मिळते.

अशी सोय बांधणे इतके सोपे आहे की पीटर सायबेल यांनी २००५ च्या ‘प्रॅक्टिकल कॉमन लिस्प’मध्ये वाचकासमोर २६ ओळींत चालणारी फ्रेमवर्क उभी केली. सोपे असल्याचा तोटाही झाला. ज्याला त्याला आपली वेगळी चूल हवी. फाइव्हएएम, लिस्प-युनिट, प्रूव्ह, रोव्ह, पॅराशूट अशी रांगच लागली. इमॅक्स संपादकातल्या लिस्पची ईआरटी निराळी. क्लोजर या लिस्पच्या बोलीत तर चाचणीची सोय भाषेबरोबरच येते, आणि पुण्याच्या हेल्पशिफ्टसारख्या कंपनीने आपला कारभार त्याच क्लोजरवर चालवला आहे.

यांतली कोणती घ्यावी? माझे स्पष्ट मत असे, की कोणतीही घ्या. फ्रेमवर्क चाचण्या चालवून देते, हिशेब मांडून देते, पण काय विचारायचे ते सांगत नाही. तो प्रश्न आपल्यालाच आणावा लागतो, आणि तो आपल्या कामातून यावा लागतो.

एक उदाहरण घ्या. सात-बाराच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम आहे. सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा आपण १४/३ असा लिहितो. कॉमन लिस्पला अपूर्णांक उपजत कळतात, आणि ही तिची मोठी खुबी आहे. तीन भावांचे तीन तृतीयांश हिस्से तिच्यात बरोबर एक होतात, दशांशातली उरसूर राहत नाही. पण सर्व्हे नंबर हा अपूर्णांक नव्हे. तो इंग्रजी अंकांत टाकून लिस्पच्या रीडरकडून थेट वाचून घेतला, तर १४/३ जसाच्या तसा परत येतो. चाचणी पास, सगळे खूश! आता १४/२ टाका: उत्तर ७. पोटहिस्साच गायब. १४/४ टाका: उत्तर ७/२. म्हणजे एकाचे शेत दुसऱ्याच्या नंबरावर गेले! क्लोजरमध्येही हेच होते. उपाय सोपा आहे, नंबर अक्षरमाला म्हणूनच वाचायचा. पण ज्याने चाचणीत फक्त १४/३ घेतला, त्याला ही चूक सापडलीच नसती.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. ‘शिक्षण’ या शब्दाची लांबी लिस्पला विचारा. युनिकोडचे तुकडे मोजून ती ६ सांगेल. डोळ्यांना दिसणारी अक्षरे जुन्या युनिकोड नियमाने मोजली तर ४ येतात, कारण तो क् आणि ष वेगळे धरत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीने देवनागरीची जोडाक्षरे एकत्र धरली आणि उत्तर ३ झाले. पहिलीतले पोरही तीनच सांगेल. परदेशातल्या कुठल्या फ्रेमवर्कने हा प्रश्न आपल्या वतीने विचारावा, अशी अपेक्षा का धरायची?

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझे दोन गोष्टींचे आवाहन आहे. पहिली, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रोग्राम आणि आउटपुटबरोबर चाचण्याही लावा, आणि बहिस्थ परीक्षकांनी आधी त्या पाहाव्यात. यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहू नका. दुसरी, अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांनी मिळून आपल्याकडच्या नमुन्यांचा एक खुला साठा करावा. त्यात सर्व्हे नंबर असोत, एकर-गुंठे असोत, जोडाक्षरांची नावे असोत, कापसाचे क्विंटल आणि रुईच्या खंड्या असोत. शेतकऱ्यांची खरी नावे-नंबर मात्र त्यात टाकू नका. नमुने तसेच, पण बनवलेले असू द्या. भाषा लिस्प असो की पायथन, तो साठा सर्वांना उपयोगी पडेल. त्याची सुरुवात या संमेलनातूनच करा.