पगाराचा आकडा आणि राहणीमान



आपल्या ज्ञातीतील मुले हल्ली विलायतेत व युरोपात नोकरीस जातात. त्यांच्या पगाराचे रुपये करून आपण सोयरिकी जुळवितो. आम्ही जन्मभर त्रैराशिक शिकविले. म्हणून सांगतो, हे गणित अपुरे आहे.

किमान वेतनाचा कायदा ब्रिटनने १९९९ साली व जर्मनीने २०१५ साली अमलात आणला. डेन्मार्क व स्वीडन येथे असा कायदाच नाही. कामगारसंघ व मालक यांच्या करारांनी वेतन ठरते, आणि ते चांगले असते. जर्मनीत आजारी कामगारास मालकाकडून सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. ब्रिटनमध्ये कायद्याने मिळणारी रक्कम तुटपुंजी. उलटपक्षी, ब्रिटनमध्ये १९४८ पासून सार्वजनिक वैद्यकीय सेवा मुख्यत्वे करांतून चालते. जर्मनीत आजारविम्याची वर्गणी पगारातून कापली जाते.

आमचा भाचा लंडनास आहे. त्याच्या पगाराचा आकडा आम्हीही चारचौघांत मिरविला. घरभाड्याचा आकडा कळला तेव्हा मात्र ओशाळलो. त्याने तो दोन वर्षे आम्हांपासून लपविला होता.

तेव्हा पालकहो, मुलास पगार पुसण्याआधी भाडे, औषधपाणी व विश्रांती पुसावी. म्हणजे त्यास खरे सांगण्याचा संकोच वाटणार नाही.