वाइन थांबते, पैसे थांबू नयेत

द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, तोडणी आपण वर्षानुवर्षं करतो. पण वाइनच्या द्राक्षांचं पुढे काय होतं? ते बघायला आम्ही गटातल्या बायका नाशिकजवळच्या एका वाइनरीत जाऊन आलो.

शिराझ जातीचा मणी लहान, बियांचा, जाड सालीचा. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी, तीही पहाटेच्या गारव्यात. काळा मणी पिळला, तर रस पांढुरकाच! लाल रंग सालीत असतो. म्हणून साल-बियांसकट रस टाकीत आंबवतात. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. वर तरंगणारी सालं रोज रसात बुडवतात. आठ-पंधरा दिवसांनी चोथा पिळतात आणि वाइन ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत भरतात. लाकडातून थोडी थोडी हवा लागते, तुरटपणा मऊ होतो. याला वर्षभर लागतं, कधी जास्तही.

इथे आम्ही थबकलो. वाइन वर्षभर मुरणार, मग द्राक्षाचे पैसे कधी? आम्ही ठरवलं, करारात तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: किती ब्रिक्स गोडीला किलोला काय भाव; गोडी आपल्यासमोर मोजायची; आणि पैसे कोणत्या तारखेला, कुणाच्या खात्यात.

परत येताना गटातल्या आजी म्हणाल्या, “लोणचं मुरायला ठेवतो, म्हणून कैरीवाल्याला वर्षभर थांब म्हणतो का गं?”

विचार करा, मैत्रिणींनो.