दारू सुटल्यानंतरच्या रात्री

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हातोद येथे दिलेले भाषण)



न्यासाच्या या मंगल प्रसंगी आमच्यासारख्या शाळामास्तरास बोलावयास उभे केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय 'व्यसनमुक्ती' असा दिलेला आहे. अशा वेळी दारूचे दुष्परिणाम सांगावयाचे, दोनचार सुभाषिते म्हणावयाची आणि टाळ्या घेऊन खाली बसावयाचे, अशी रीत आहे. ती आज पाळता येणार नाही. दारू वाईट आहे हे दारू पिणाराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. आम्ही स्वतः अकरा वर्षे पीत होतो.

हे वाक्य या सभेत उच्चारताना जीभ जड होते. समोर आमचे विद्यार्थी आहेत, त्यांचे पालक आहेत. आमच्या धर्मात दारू हराम. तेव्हा आमची लाज दुप्पट. पण लाजेपोटी ज्या गोष्टी आम्ही लपविल्या, त्यांनीच एके रात्री आमचा जीव घेतला असता. म्हणून आज त्या सांगावयाच्या ठरविल्या आहेत. आणि त्यांतही दारूपेक्षा झोपेविषयीच अधिक बोलावयाचे आहे.

आमचे आजोबा होळकरांच्या चाकरीसाठी खानदेशातून इकडे आले. घरात मराठी राहिली, आणि आजोबांचे घोरणेही राहिले. आमच्या घोरण्याची घरात थट्टा होई. भाईजान म्हणत, "मास्तर निजले की इंदूरची गाडी हातोदवरून गेल्यासारखे वाटते." आम्हीही हसत असू. घोरणारा मनुष्य गाढ झोपतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण सकाळी उठल्यावर तोंडाला कोरड, डोके जड, आणि तिसऱ्या तासाला मुलांकडून पाढे म्हणवून घेताना आमचेच डोळे मिटत. 'झोप पुरी होत नाही' म्हणून रात्री एक पेला, आणि तो पुरेना म्हणून दुसरा, असा क्रम सुरू झाला. पेला घेतला की पाच मिनिटांत डोळा लागे. याचा अर्थ दारूने झोप येते, असा आम्ही लावला. पदवीधर आणि प्रशिक्षित शिक्षक होतो. पण आपल्याला हवे तेच सिद्ध करणारा पुरावा गोळा करण्यात शिक्षण फारसे आड येत नाही.

खरी गोष्ट पुढे डॉक्टरांकडून कळली. ती आम्ही मुलांना सांगतो तशीच आपणांस सांगतो. सरबताची कागदी नळी भिजून मऊ झाली आणि जोराने ओढली, तर तिच्या बाजू एकमेकींस चिकटतात व सरबत वर येत नाही. आपला घसा ही तशीच मऊ नळी आहे. जागेपणी तेथील स्नायू तिला उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात. काही माणसांत, विशेषतः ज्यांची मान जाड, वजन अधिक किंवा जबडा मागे असतो त्यांच्यात, ती नळी झोपेत वरचेवर मिटते. छाती श्वास ओढीत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसास अर्धवट जागा करतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा तेच चक्र. असा खंड दहा सेकंदांहून अधिक टिकला की तो रोगाच्या हिशेबात धरतात. तासाला पाचांवर खंड झाले तर आजार आहे, तिसांवर गेले तर तो तीव्र आहे.

दारू येथे दुहेरी घात करते. ती घशाचे स्नायू आणखी सैल करते, आणि जो मेंदू दचकून जागा व्हावयाचा त्यालाही गुंगी आणते. श्वासाचे खंड त्यामुळे लांबतात. पहिल्या प्रहरी डोळा लवकर लागतो खरा, पण दारू उतरू लागली की उरलेल्या रात्रीचे तुकडे होतात. म्हणजे ज्या झोपेसाठी आम्ही पीत होतो, ती झोप त्या पिण्यानेच मोडत होती.

आता त्या रात्रीची हकीगत. २०२२ सालच्या जानेवारीची गोष्ट. झोप येत नाही म्हणून आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो व झोपेची गोळी मागितली. त्यांनी विचारले, "काही घेता का?" आम्ही शिक्षकी चेहऱ्याने सांगितले, "छे, छे." त्यांनी गोळी लिहून दिली. चूक त्यांची नव्हती. त्यांच्यापुढे आम्ही खोटी फिर्याद मांडली होती. त्या रात्री नेहमीचे दोन पेले झाले होते, त्यावर गोळी घेतली.

पुढचे आम्हांस ठाऊक नाही. घरातील मंडळींनी सांगितले ते असे. घोरणे एकाएकी थांबले म्हणून त्या जाग्या झाल्या. श्वास येईना. त्यांनी मनात अंक मोजले. चाळीसपर्यंत गेल्या तेव्हा एक घुरका आला, मग पुन्हा शांत. त्यांनी हाक मारली, गदागदा हलविले, तोंडावर पाणी मारले, डोळे उघडेनात. शेवटी अम्मीस हाक मारून दोघींनी आम्हांस कुशीवर वळविले आणि पाठीस उशी लावली. श्वास पुष्कळसा सुरळीत चालू लागला. त्या दोघी पहाटेच्या अजानपर्यंत आमच्या नाकाजवळ हात धरून बसल्या होत्या. खरे पाहता त्यांनी तत्काळ गाडी बोलावून रुग्णालय गाठावयास हवे होते. पण शेजारी पाहतील, मास्तरांनी दारू घेतल्याचे कळेल, ही भीती त्यांनाही होती. आमची लाज त्यांनीही वाहिली.

इतके होऊनही आम्ही लगेच शहाणे झालो नाही. दरवर्षी रमजानचे तीस दिवस आम्ही दारूस शिवत नसू, आणि तेवढ्यावरून आपण व्यसनी नाही असा दाखला स्वतःस देत असू. त्या वर्षी एप्रिलात रमजान आला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू थरथरू लागला. घाम सुटला. पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, ताप आहे का?" त्या प्रश्नापुढे आमचा दाखला टिकला नाही.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. रोज पुष्कळ पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एका दिवसात दारू टाकणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाताचा झटका येऊन भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणसे दगावतात. दारू सोडावयाचीच, पण वैद्यकीय देखरेखीखाली सोडावयाची.

भाईजान आम्हांस इंदूरच्या एका मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेले. या वेळी आम्ही खरे बोललो. परंतु निम्मेच, कारण उरलेले आम्हांस ठाऊकच नव्हते. डॉक्टरांनी मंडळींकडे वळून विचारले, "बाई, हे झोपतात कसे?" त्यांनी सारे सांगितले, चाळीस अंकही सांगितले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. दारू सोडताना कंप व फिट टाळण्यासाठी जी शामक औषधे देतात, डायझेपाम, लोराझेपाम वगैरे, तीही श्वास मंदावतात. ती येथे जपून द्यावी लागणार होती. म्हणून त्यांनी आम्हांस पाच दिवस रुग्णालयात ठेवून घेतले, बोटास प्राणवायू मोजणारा चिमटा लावला, खाटेचे डोके उंच केले, बी-१ जीवनसत्त्व दिले, आणि शामके हळूहळू कमी करून बंद केली. एका स्त्रीच्या उत्तराने सबंध उपचाराची दिशा ठरली.

नंतर रोजची गोळी सुरू झाली. या गोळ्यांविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. डायसल्फिराम ही सर्वांत जुनी. डेन्मार्कमध्ये हाल्ड व याकोबसेन हे संशोधक तिचा कृमींवर उपयोग होतो का ते पाहत होते. स्वतः घेऊन पाहिली, तेव्हा दारू सोसेना असे आढळले. १९४८ साली ही गोष्ट जाहीर झाली. ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायल्यास तोंड लाल होते, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. म्हणून ती रोग्यास सांगूनच द्यावयाची असते. डाळीत कालवून चोरून देण्याचा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो. दुसरी नाल्ट्रेक्सोन, ती पिण्यातील मजाच कमी करते व ओढ सैल करते. यकृताची तपासणी करून आम्हांस हीच दिली. तिसरी अकॅम्प्रोसेट, दारू सुटल्यानंतरची तळमळ ती शमविते, मात्र मूत्रपिंडे ठीक आहेत ना हे आधी पाहावे लागते. कोणास कोणती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. शेजाऱ्याची गोळी आपणांस चालेलच असे नाही.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो व ती मोडतो. त्या काळी शपथेखेरीज त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. आज शपथेच्या जोडीस औषध आहे, हे आपले भाग्य समजले पाहिजे.

पण औषधाने ओढ कमी झाली, तरी रात्री आमच्याच राहिल्या. आम्हांस वाटले होते, दारू गेली की झोप येईल. उलट झाले. रात्री तीन वाजता टक्क जाग. डोळा लागला की स्वप्ने, तीही लखलखीत. आपण पेला भरीत आहोत अशी. जागे होऊन ओठ चाटून पाहत असू, वास येतो का म्हणून. दारू स्वप्नांची झोप दाबून धरते. ती सुटली की स्वप्ने उसळतात, हे पुढे कळले. ही निद्रानाशाची अवस्था काहींना आठवडे, काहींना महिने टिकते. ठरलेल्या मुदतीची कैद असते, असे समजून ती काढावयाची असते. आम्हांस हे आधी नीट समजले नव्हते. चाळिसाव्या रात्री आम्ही मनाशी म्हटले, 'एकदाच, झोपेसाठी', आणि प्यालो. सकाळी मंडळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रात्रभर पुन्हा अंक मोजले होते. डोळ्यांवरून ते दिसत होते.

तो दिवस शेवटचा. आम्ही आपण होऊन डॉक्टरांकडे गेलो व सांगून टाकले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता झोपेचा मुद्दा निकालात काढू." दारूविना आणखी काही आठवडे गेल्यावर रात्रीची तपासणी झाली. तासाला सत्तावीस खंड निघाले. म्हणजे दारू सुटली तरी घसा मिटतच होता. दारू त्याला केवळ अधिक मिटवीत होती.

त्यावरचे यंत्र साधे आहे. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा मंद दाब. त्या दाबाने घशाची नळी फुगती राहते. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. पहिल्या यंत्रात धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी वापरली होती म्हणतात. पहिले आठ दिवस आम्हांस गुदमरल्यासारखे झाले. धाकटी मुलगी म्हणाली, "अब्बांना सोंड आली!" नवव्या रात्री झोप लागली, ती एकदम सकाळीच उघडली. कित्येक वर्षांनी तिसऱ्या तासाला आम्ही जागे होतो.

यंत्र येईपर्यंत मंडळींनी घरचा उपाय केला होता. सदऱ्याच्या पाठीस खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला. उताणे झाले की चेंडू टोचे, आणि आम्ही कुशीवर वळत असू. वजन नऊ किलो उतरविले. निजण्याची व उठण्याची वेळ एकच ठेवली. दुपारनंतरचा चहा सोडला. इंदूरकडच्या माणसास हा त्याग लहान नव्हे.

पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून रोगी आहे, आणि त्याच्या उपचारात घरच्या माणसांस स्थान आहे, ही दृष्टी त्या कामाने मराठी समाजात पोचविली. आमचा अनुभव त्यात एवढीच भर घालतो: झोपणाऱ्यास आपला श्वास थांबलेला दिसत नाही, तो शेजारी जागणाऱ्यासच दिसतो. म्हणून भगिनींनो, दवाखान्यात नवऱ्याच्या मागे उभ्या राहू नका. पुढे होऊन सांगा, "हे घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मी मोजले आहे." हे सांगणे म्हणजे घरची अब्रू चव्हाट्यावर मांडणे नव्हे. आणि बंधूंनो, झोपेची गोळी मागताना दारू लपवू नका, दारू सोडताना घोरणे लपवू नका.

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर येथील दारूची दुकाने शासनाने बंद केली, ते चांगलेच झाले. पण दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याच्या ज्या रात्री सुरू होतात, त्यांची काळजी समाजानेच घ्यावयाची आहे. शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी आहे. तो फळ्यावर लिहितो तसा पाठ करून ठेवा.

शेवटी विश्वस्त मंडळींस एक विनंती. आपला न्यास गरजूंना चाकांची खुर्ची, कुबड्या, खाट देतो. दारू सोडू पाहणाऱ्या गरीब माणसाच्या झोपेच्या तपासणीचा खर्चही त्या यादीत घ्यावा. पहिल्या तपासणीचे पैसे आम्ही आज, येथेच, कोषाध्यक्षांकडे देत आहोत. ज्याच्यासाठी ते खर्च होतील त्याचे नाव आम्हांस कळू नये, एवढीच अट आहे. मात्र त्याच्या घरातील माणसास रात्री अंक मोजीत बसावे लागू नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.