शिष्यवृत्ती आणि वसतिगृह



जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूची आदिवासी मुलं बारावीनंतर पुण्याला निघतात, तेव्हा शिष्यवृत्तीनं फीचा प्रश्न बराचसा सुटतो. राहायचं कुठं आणि खायचं काय, हा उरतोच. आदिवासी विद्यार्थ्यांची शासकीय वसतिगृहं त्यासाठीच आहेत. या भागाचं काम घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. पुण्यासारख्या शहरासाठी तेव्हा वर्षाला ६० हजार रुपये ठरले. ते थेट बँक खात्यात जमा होतात.

पण पैसा आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला ठामपणे वाटतं. खोलीत एकटं राहणाऱ्या मुलाला जातवैधतेचा अर्ज कसा भरायचा, इंग्रजीतलं व्याख्यान कळलं नाही तर कुणाला विचारायचं, हे कोण सांगणार? वसतिगृहात रात्री जेवण उरकल्यावर वरच्या वर्गातली ताई शेजारी बसून महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेते, उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख तपासते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, ती ग्रामीण मुलांना अशी सोबत मिळावी म्हणूनच. तिथं मुलं कमवतात आणि शिकतात.

पालकहो, निकालाची वाट पाहू नका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा, आधार बँक खात्याशी जोडा आणि वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरा.