‘वय झालं’ हे निदान नाही
(स्वागताध्यक्षीय भाषण)



म्हातारपणातल्या, कारण न सापडणाऱ्या रक्तक्षयावरच्या या परिषदेसाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यातून आलेल्या आपणा सर्वांचं स्वागत समितीच्या वतीनं मी मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो.

मिरजेला पाहुण्यांची सवय आहे. १८९४ साली सर विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून अथणी-चिकोडीपासून जत-आटपाडीपर्यंतची माणसं आपली दुखणी घेऊन या गावात उतरत आली आहेत. आज डॉक्टरच पाहुणे म्हणून आलेत, याचा आम्हा मिरजकरांना विशेष आनंद आहे.

स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी सांगावी, जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. तो मी मोडणार नाही. पण मी रक्तविकारतज्ज्ञ नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. ज्या रुग्णांविषयी आपण दोन दिवस बोलणार आहोत, ते आधी माझ्यासारख्याच्या दवाखान्यात येतात. तेव्हा त्यांच्या वतीनं थोडं बोलतो.

सत्तरी ओलांडलेल्या आजी येतात. सोबत मुलगा, हातात रिपोर्टांची पिशवी. ‘जिना चढताना धाप लागते, तोंडाला चव नाही,’ एवढीच तक्रार. हिमोग्लोबिन साडेनऊ. मुलगा म्हणतो, ‘वय झालं की रक्त कमी व्हायचंच. एखादं टॉनिक लिहून द्या.’ खरी अडचण अशी की पुष्कळदा आपणही मनातून तेच म्हणत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ साली रक्तक्षयाची मर्यादा ठरवली : पुरुषांसाठी १३ ग्रॅम, स्त्रियांसाठी १२. म्हातारपणासाठी त्यात वेगळी सवलत दिलेली नाही. तरीही आपल्या हिशेबात म्हातारी माणसं येतच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्त तपासलं ते ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांचं आणि ५४ वर्षांपर्यंतच्या पुरुषांचं. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत सहा गट आहेत. त्यांत बालकं आहेत, किशोरवयीन मुलं-मुली आहेत, गरोदर आणि स्तनदा माता आहेत. आजी-आजोबांचा गट मात्र नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या दर दहा माणसांमागे साधारण एकाला रक्तक्षय होता; पंच्याऐंशीच्या पुढे पाचांत एकाला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत लोह, बी-१२ किंवा फोलेटची कमतरता होती. एक तृतीयांशांत मूत्रपिंडाचा आजार किंवा जुनाट दाह होता. उरलेल्या तृतीयांशात कारण सापडलं नाही. या शेवटच्या गटासाठीच आजची परिषद आहे. पण आपल्याकडे या गटात पुष्कळ रुग्ण असे शिरतात, की ज्यांचं कारण कुणी शोधलेलंच नसतं.

शोधाची सुरुवात फार खर्चाची नाही. मी आजींना आधी गोळ्यांचा डबा काढायला सांगतो. हृदयासाठी ॲस्पिरिन असते, गुडघ्यांसाठी वेदनाशामक असते. दोन्हींनी पोटात नकळत रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असते, ती बी-१२ कमी करते. जोडीला रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी. तिनं लोह आणि बी-१२ या दोन्हींचं शोषण मंदावतं. त्यात आजी शाकाहारी, आणि दात गेल्यापासून चहात बुडवलेल्या चपातीवर दिवस काढणाऱ्या. अशा बाईला टॉनिक देऊन काय होणार?

मग सीबीसी नीट वाचावा, स्मिअर डोळ्यांनी पाहावा, रेटिक्युलोसाइट मोजावेत. फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन, थायरॉइड पाहावं. दाह असेल तर फेरिटिन फसवं वाढतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही बघावं. कंबर दुखतेय आणि ईएसआर शंभराच्या घरात असेल, तर मायलोमा मनात आणावा. म्हाताऱ्या पुरुषाचं लोह कमी असेल तर आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री होईपर्यंत थांबू नये. आणि थॅलेसेमिया मायनर असणाऱ्यांना जन्मभर लोहाच्या गोळ्या खायला घालू नयेत.

एवढं करूनही कारण हाती लागलं नाही, तरच ‘अनएक्स्प्लेन्ड’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. त्यामागे मूत्रपिंडाचा एरिथ्रोपोएटिनचा थंड प्रतिसाद असेल, मंद दाह असेल, हेप्सिडिननं अडवून ठेवलेलं लोह असेल किंवा अस्थिमज्जेत वाढणारा पेशींचा एखादा क्लोन असेल. यावर आपले वक्ते सविस्तर बोलतीलच.

उपचारांत मात्र उतावळेपणा नको. ऐंशीच्या पुढच्या, लोहाची कमतरता असलेल्या रुग्णांना रोज १५, ५० आणि १५० मिलिग्रॅम लोह देऊन पाहिलं, तेव्हा तिन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. पोटाचा त्रास १५ मिलिग्रॅमवाल्यांना कमी झाला. हा अभ्यास २००५ सालचा आहे, तरी आपल्या चिठ्ठीवर अजून दिवसातून दोनदा मोठी गोळीच असते. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या वृद्ध पुरुषांवरच्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. कारण न सापडलेल्या रक्तक्षयात टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलेल्या ५४ टक्के पुरुषांचं हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमनं वाढलं. औषधाविना जेल मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. पण त्याच चाचण्यांच्या मालिकेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला प्लाकही वाढलेला दिसला. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांना डार्बेपोएटिन दिलं, तेव्हा पक्षाघात जवळजवळ दुप्पट झाले. रिपोर्टातला आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असं धरून चालता येत नाही. आजी जिना चढून देवळात जाऊन आल्या का, हे पुढच्या भेटीत विचारायला हवं.

शोधाच्या चिकाटीचा एक मोठा धडा याच महाराष्ट्रात घडला. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण कुणालाच उमगत नव्हतं. त्या बायका काय खातात, याचा तिनं अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे १९३१ साली जगापुढे मांडलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. म्हणजे ‘कारण सापडत नाही’ असं ज्याबद्दल म्हटलं जाई, तो एक रक्तक्षय रुग्णाच्या ताटाकडे नीट पाहिल्यानं सुटला.

या दोन दिवसांत आपल्याकडून माझी एकच मागणी आहे. तालुक्याच्या गावी, साध्या प्रयोगशाळेच्या भरवशावर काम करणाऱ्या डॉक्टरला वापरता येईल असा एक पानी तपासणीक्रम तयार करून द्या : आधी काय तपासायचं, नंतर काय, आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचं. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत तो छापून घेण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते.

जेवण दुपारी एक वाजता मागच्या मंडपात आहे. संध्याकाळी सवड काढून सतारमेकर गल्लीत जरूर जा. तंबोरे घडताना पाहायला मिळतील. निवास, वाहन, भोजन यांत काही उणं-अधिक राहिलं, तर आमच्या स्वयंसेवकांना हक्कानं सांगा. गेले काही आठवडे राबलेल्या या मुला-मुलींचे मी जाहीर आभार मानतो. आपलं सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करून मी अध्यक्षांना पुढील कामकाज हाती घेण्याची विनंती करतो.